कोण कोणाशी बोलतंय, ते आधी बघ

प्रिय मित्रा,

ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघून जपानी शिकता येईल का, असं तू विचारलंस आणि पुढच्याच ओळीत लिहिलंस, की आता सबटायटल्सकडे न बघताही तुला 'बरंचसं कळतं'. त्या 'बरंचसं'चा आधी हिशेब करू. तुझ्या आवडीच्या मालिकेतला एखादा प्रसंग काढ, मारामारीचा नको, दोन माणसं नुसती बोलतायत असा. सबटायटल्स बंद कर आणि ती जे बोलतात ते शब्दन् शब्द कागदावर उतरव. बहुतेकांच्या कागदावर नानी (काय), याबाइ (भारी किंवा गडबड झाली), सुगोइ (जबरदस्त), दाइजोबु (ठीक आहे), दोनचार नावं आणि मधे लांबलचक रिकाम्या जागा एवढंच येतं. बाकीचं चेहऱ्यांनी, पार्श्वसंगीताने आणि आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीने सांगितलेलं असतं. यात लाजण्यासारखं काही नाही. सुरुवात कुठून करायची ते कळलं, एवढंच.

आता उत्तर. शिकता येईल. कान तयार होईल, गोडी टिकेल, आणि वर्षानुवर्षं भाषेत राहायचं तर गोडीशिवाय भागत नाही. पण जसं ऐकलंस तसंच बोलायला गेलास, तर समोरचा जपानी माणूस गालातल्या गालात हसेल किंवा अवघडून गप्प बसेल. म्हणून माझं एकच सांगणं आहे: कुठलंही वाक्य उचलण्याआधी ते कोण, कोणाला आणि कुठे म्हणतंय ते बघ.

जपानीत 'मी' म्हणायलाच किती प्रकार आहेत ते तू ऐकले असशीलच. वाताशी, बोकु, ओरे, आताशी, आणि म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या तोंडी हटकून येणारं 'वाशी'. तो म्हातारा वाक्याच्या शेवटी 'दा'ऐवजी 'जा' लावतो. श्रीमंत घरातली लाडावलेली मुलगी 'देसु वा' म्हणते. खरे प्राध्यापक असं बोलत नाहीत आणि खऱ्या श्रीमंत मुलीही नाहीत. तोंड उघडताक्षणी पात्राची जात ओळखू यावी म्हणून ही भाषा घडवलेली आहे. सातोशी किन्सुइ या जपानी भाषाभ्यासकाने तिला 'याकुवारिगो', म्हणजे भूमिकेची भाषा, असं नाव दिलं आणि २००३ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ऐतिहासिक नाटकं बघून मराठी शिकलेला परदेशी पाहुणा बँकेच्या काउंटरवर जाऊन 'कोण आहे रे तिकडे?' असं गरजला, तर काय होईल? 'तू' म्हणायला 'किसामा' आणि 'तेमे' जिभेवर खेळवणाऱ्या नवशिक्यांचं तेच होतं. हे दोन्ही शब्द भांडण उकरून काढायचे आहेत. 'ओमाए' जवळच्या मित्रांत चालतं, तेही जपून. आणि ज्याला पाठ्यपुस्तक 'तुम्ही' म्हणून शिकवतं ते 'आनाता'सुद्धा प्रत्यक्षात लोक टाळतात. समोरच्याचं आडनाव घेऊन पुढे 'सान' लावतात. तू ॲनिमेत 'आनाता' ऐकलं असशील ते बऱ्याचदा बायको नवऱ्याला हाक मारताना.

हे नातं कसं ऐकायचं, ते एका घरातच दाखवते. 'साझाए-सान' ही मालिका ऑक्टोबर १९६९ पासून फुजी टीव्हीवर सुरू आहे, रविवारी संध्याकाळी लागते. चित्रं साधी, गोष्टी घरगुती. तुझ्या वयाला कंटाळवाणी वाटेल. पण एका छपराखाली तीन पिढ्या राहतात आणि त्यातला मासुओ हा जावई बायकोच्या माहेरी राहतो. त्याच्याकडे कान लाव. बायकोशी बोलताना क्रियापदं मोकळी, साधी. सासरे खोलीत आले की त्याच माणसाच्या वाक्यांना 'देस' आणि 'मास'ची शेपटं लागतात. धाकट्या मेहुण्याशी बोलताना पुन्हा मोकळं. नियम कुणी सांगत नाही, पण दोनतीन भाग नीट ऐकलेस की आदर कुठे सुरू होतो आणि कुठे सैल पडतो ते कानाला कळायला लागतं. क्लासमध्ये हे तक्त्यावर शिकवतात. तक्ता पाठ होतो, पण ऐन वेळी तोंडात येत नाही.

शिन-चान, तो कार्टूनमधला आगाऊ पोरगा, आवडतो म्हणालास. आवडू दे, पण तो बोलतो कसा ते समजून हस. घरात शिरताना बाहेरून येणाऱ्याने 'तादाइमा' म्हणायचं आणि घरातल्याने 'ओकाएरी'. हा पठ्ठ्या स्वतः बाहेरून येतो आणि 'ओकाएरी' म्हणतो. आई दर वेळी सुधारते. स्वतःला 'ओरा' म्हणतो, वाक्याला 'झो' लावतो. तो विनोद आहे. तीच लकब घेऊन तू कुणाला नमस्कार केलास, तर विनोद तुझ्यावर होईल.

आता कामाचं. रोज चार भाग बघण्यापेक्षा दोन मिनिटांचा एक प्रसंग आठवडाभर पुरव. पहिल्यांदा काहीही न वाचता ऐक. मग जपानी सबटायटल्स लावून ऐक. इंग्रजी सबटायटल्स या कामापुरती बंदच ठेव, कारण डोळा कानाच्या आधी धावतो आणि कान झोपी जातो. जपानीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. इंग्रजी ओळ तो नकार आधीच फोडून टाकते. तुला मराठीचा आधार आहे, तो वापर. 'तोमोदाचि नो इए नि इकु' याचं इंग्रजी करायला गेलास तर वाक्य उलटंपालटं करावं लागतं. मराठीत सरळ ओळीने उतरतं: मित्राच्या घरी जातो. 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'नि' बऱ्याचदा आपला 'ला' किंवा 'ई', 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. वाक्याचा विषय दाखवणारा 'वा' आणि कर्ता दाखवणारा 'गा' यांच्यातला फरक मात्र असा जोडीला जोड लावून सुटत नाही. तिथे व्याकरणाचं पुस्तक उघडावंच लागेल.

प्रसंग समजला की वही काढ. शब्द आणि अर्थ अशा दोन रांगांची नको. पूर्ण वाक्य लिही, शेजारी बोलणारा, ऐकणारा, जागा. आणि शेवटच्या रकान्यात एक प्रश्न: हे वाक्य मी शिक्षकांना म्हणू शकेन का? दुकानदाराला? वर्गमित्राला? उत्तर येत नसेल तर प्रश्नचिन्ह काढून ठेव. ती प्रश्नचिन्हं हाच पुढच्या महिन्याचा अभ्यास.

लिहिताना तुला आढळेल, की पुस्तकातलं वाक्य आणि पडद्यावरचं वाक्य जुळत नाही. पुस्तकात 'ताबेते शिमात्ता' (खाऊन टाकलं), पात्र म्हणतं 'ताबेचात्ता'. पुस्तकात 'इकानाकेरेबा नारानाइ' (जायलाच हवं), पात्र म्हणतं 'इकानाक्या' आणि चालू लागतं. 'शिते इरु'चं (करतोय) 'शितेरु' होतं, 'वा' आणि कर्माला लागणारा 'ओ' तर गळूनच पडतात. शिव्या आणि युद्धघोषणा बाजूला काढल्या तर ॲनिमेतला खरा माल हाच आहे. जपानी माणसं घरात अशीच बोलतात, आणि हे कुठलंही प्राथमिक पुस्तक पुरेसं शिकवत नाही. पण मूळ लांब रूप ठाऊक नसेल तर आखूड रूप नुसता आवाज राहतो. म्हणून पुस्तक लागतंच. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' नावाचं पुस्तक फुकट उतरवून घेता येतं, ध्वनिफितींसकट. जपानमधल्या रोजच्या व्यवहारासाठीच ते बनवलंय. क्लास लावायचा की नाही ते तू ठरव, पण व्याकरण क्रमाने शिकवणारं काहीतरी हाताशी हवं. ॲनिमे क्रम पाळत नाही.

उच्चारांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे मराठी माणसाला फुकटात बरंच मिळालेलं असतं. त्यांची अक्षरमाला आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा अशी जाते. ओळखीची वाटली ना? बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या आपल्या वर्णमालेचाच तो क्रम. 'त्सु' म्हणताना इंग्रजी माध्यमवाले धडपडतात. तू 'चूल' म्हणतोस त्यातला च लाव आणि पुढे जा. त्यांचा 'न्' तर आपला अनुस्वारच आहे, पुढचं अक्षर बघून रंग बदलणारा: शिंबुन, सेंताकु, तेंकी. संप, संत, शंख म्हणताना जीभ आपोआप जे करते तेच इथे करायचं. फसगत होते ती दीर्घ स्वरांत. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना फारसं नाही. तिथे 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्याच्या वयाची बाई आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. एखाद्या बाईंना विनाकारण म्हातारं करू नकोस. सुराचंही तसंच. 'हाशी'चा पहिला स्वर वर नेऊन खाली आणलास तर जेवणाच्या काड्या, खालून वर गेलास तर पूल. हे तोक्योकडचं झालं, ओसाकाकडे नेमकं उलट. बहुतेक ॲनिमे तोक्योच्या प्रमाण बोलीत असतात आणि आवाज देणारे कलाकार, ज्यांना सेइयू म्हणतात, ते कसलेले असतात. म्हणून नक्कल करायला हा माल उत्तम. वाक्य संपायची वाट न बघता पात्राच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतराने बोलत जा. स्वतःचा आवाज मुद्रित कर आणि ऐक. कोणालाही स्वतःचा आवाज आवडत नाही, तरी ऐक.

कोणती मालिका घ्यावी? शाळा, घर, कचेरी, खानावळ अशा रोजच्या आयुष्यातल्या. तलवारी आणि जादूच्या मालिकांतून तुला 'शापित' आणि 'सैन्यतळ' हे शब्द येतील आणि 'पावती द्या' येणार नाही. पण तुझं मन तलवारीतच असेल तर तेच बघ. न आवडणारी मालिका शिक्षणासाठी म्हणून बघणारे तिसऱ्या भागाला दोन्ही सोडतात. वहीत मात्र त्यातले घरगुती प्रसंग घे, प्रत्येक मालिकेत ते असतात.

मांगाकडे, म्हणजे जपानी चित्रकथांकडे, वळायला उशीर करू नकोस. हिरागाना आणि कताकाना या दोन उच्चारलिप्या आधी पक्क्या कर, मूळ अक्षरं प्रत्येकी ४६, त्यात अवघड काही नाही. मुलांच्या मांगात कांजीच्या, म्हणजे चीनमधून आलेल्या चित्राक्षरांच्या, बाजूला बारीक हिरागाना छापतात, तिला फुरिगाना म्हणतात. त्यामुळे कांजी येत नसली तरी शब्द वाचता येतो आणि कोशात सापडतो. प्रौढांसाठीच्या मांगात ही सोय बहुधा नसते. रोजच्या वापराच्या सरकारी यादीत २,१३६ कांजी आहेत. आकडा बघून घाबरू नकोस, जपानी मुलंही त्यातल्या १,०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. मांगात आणखी एक गंमत आहे, नादशब्दांची. छाती 'दोकिदोकि' करते, तारे 'किराकिरा' करतात. धडधड आणि लुकलुक म्हणणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. त्यांच्याकडे तर शांततेलाही आवाज आहे: 'शीइन'. पानभर कोणी बोलत नसतं आणि पार्श्वभूमीवर ती अक्षरं पसरलेली असतात.

ॲनिमेच्या बाहेर कधी पडायचं? कान थोडा बसला की लगेच. सेइयू स्पष्ट बोलतात, एकमेकांचं वाक्य तोडत नाहीत. खरी माणसं अडखळतात, 'एत्तो', 'आनो' करत राहतात, आणि ऐकणारा दर वाक्याला 'हाइ', 'ए', 'सो देस ने' असा हुंकार भरत असतो. तो हुंकार भरला नाहीस तर बोलणाऱ्याला वाटतं तुझं लक्षच नाही. यासाठी टीव्हीवरचे गप्पांचे, खेळांचे कार्यक्रम बघ. त्यांत बोललेलं बरंचसं मोठ्या रंगीत अक्षरांत पडद्यावर उमटत राहतं, म्हणजे जपानी सबटायटल्स आयतीच. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीची सकाळची मालिका १९६१ पासून चालत आलीय, भाग पंधरा मिनिटांचा, एका बैठकीला पुरेल एवढा. मात्र ती बऱ्याचदा एखाद्या प्रांतात घडते आणि पात्रं तिथल्या बोलीत बोलतात. न कळलेला शब्द कोशात नाही मिळाला तर खचू नकोस.

परीक्षेबद्दल विचारलंयस. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्या, एन ५ सर्वांत सोपी आणि एन १ सर्वांत कठीण. ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. नोकरी किंवा शिष्यवृत्तीसाठी प्रमाणपत्र लागणार असेल तर दे. पण त्यात बोलायची परीक्षा नाही. वरची पातळी पास होऊनही फोनवर तत-पप होणारी माणसं असतात, आणि त्यामागचं कारण एवढंच. त्यामुळे मागोमाग बोलण्याचा सराव परीक्षेच्या महिन्यातही थांबवू नकोस.

पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा एका प्रसंगाची वही आणि तुझ्या आवाजातली फीत, दोन्ही पाठव. प्रसंगात वरिष्ठ आणि कनिष्ठ अशी दोन माणसं असतील असा निवड. शाळेच्या क्लबमधला सेंपाइ, म्हणजे वरच्या वर्गातला, आणि नवा मुलगा चालेल. दोघांचेही संवाद तूच म्हण. कनिष्ठाचे आधी पाठ कर, कारण जपानमध्ये पाय ठेवलास की बरीच वर्षं तुला त्याच्याच जागेवरून बोलायचंय.

तुझी,
ताई