समुद्र आणि जहाजांचे मराठी शब्द घेऊन भेंड्या खेळता येतील का?

खेळता येतील, आणि रात्र पुरणार नाही. तुम्ही विचारलंय की दिवाळीत सगळी भावंडं जमणार आहेत, खेळाचा विषय 'समुद्र आणि जहाजं' ठरलाय, पण होडी, नाव, बोट, जहाज एवढ्यावरच गाडी अडेल का, आणि मग इंग्रजी शब्द चालवून घ्यावेत का. आमच्या घरात हा खेळ बरीच वर्षं चालतो. माझं आजोळ रत्नागिरीकडचं, त्यामुळे सुरुवातीची शिदोरी तिथली. इंग्रजीची गरज पडत नाही. नियम मात्र खेळायला बसण्याआधी ठरवून घ्या, नाहीतर सगळा वेळ वादात जातो.

भेंड्यांचे आमचे नियम साधे आहेत. शेवटचं अक्षर धरायचं, काना-मात्रा-वेलांटी सोडून द्यायची. जोडाक्षर असेल तर त्यातलं शेवटचं अक्षर घ्यायचं. ण आला तर न, ळ आला तर ल. एकदा आलेला शब्द पुन्हा नाही. आता ही साखळी बघा: गलबत, तांडेल, लाट, टेहळणी, नाखवा, वल्हं, होडी, डोलकाठी.

आणि इथे समोरचा गट गप्प! ठ वरून समुद्राचा शब्द मी अजून कोणाकडून ऐकलेला नाही. म्हणजे डोलकाठी हा हुकमाचा एक्का, आणि तो हातात यायला ड यावा लागतो. होडी, शीड, शिबाड, उलांडी, दिवादांडी, सगळ्यांच्या शेवटी ड. म्हणून डोलकाठी येऊन जाईपर्यंत यातला एकही शब्द आपण होऊन बोलू नये. अंगावर ड आला आणि एक्का राखून ठेवायचा असेल तर 'डोणी' म्हणावं, एकाच खोडातून कोरून काढलेली लहान होडी.

दुसरी अडचण र ची. नांगर, बंदर, दोर, पगार (हा होडीचा एक प्रकार), सगळे र वर संपतात आणि र वरून सुरू होणारे शब्द मोजके. तिथे कामी येते 'रांपण', म्हणजे किनाऱ्यावरून टाकून माणसांच्या रांगांनी ओढायचं ते मोठं जाळं. आणि कोणी 'दर्या' म्हणून तुम्हाला य वर अडकवलं तर 'यारी' म्हणा. गोदीत माल उचलायचं यंत्र, ज्याला आपण सर्रास क्रेन म्हणतो, त्याला मराठीत यारी हा चांगला रुळलेला शब्द आहे. शिवाय यारीने समोरच्यावर पुन्हा र येतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम. शब्द म्हटला की ती वस्तू कुठे असते आणि काय करते ते सांगायचं. नुसत्या शब्दाला एक गुण, सांगता आलं तर आणखी दोन. आम्ही जमिनीवर खडूने होडीची मोठी आकृती काढतो आणि शब्द म्हणणाऱ्याने त्या जागेवर जाऊन उभं राहायचं. सुकाणू मागे, नाळ पुढे, डोलकाठी मध्ये. हा नियम नसला तर पाठ केलेल्या याद्या म्हणून दाखवण्याची चढाओढ होते. तो असला की लहान मुलंही जिंकतात.

एकदा भाचीने 'उलांडी' म्हटलं आणि मोठ्यांनीच हरकत घेतली, असा शब्दच नाही म्हणाले. तिने खडू घेतला आणि होडीच्या एका बाजूला, थोडं अंतर सोडून, होडीला समांतर असा एक लांब ओंडका काढला. मग दोन आडव्या काठ्या काढून तो होडीला जोडला. अरुंद होडी त्या बाजूला कलली की ओंडका पाण्यात दाबला जातो आणि पाणी त्याला वर ढकलतं. उलट बाजूला कलली तर ओंडका पाण्याबाहेर येऊ लागतो आणि त्याचं वजन होडीला खाली खेचतं. एका बाजूच्या ओंडक्याने दोन्हीकडचा तोल सांभाळला जातो! मालवणच्या किनाऱ्यावर तिने हे पाहिलं होतं. तिला तीनही गुण मिळाले, आणि हरकत घेणारे स्वतः उठून तिची आकृती बघायला आले.

असाच एक शब्द 'परबाण'. डोलकाठी उभी, आणि शीड जिला बांधतात ती तिरकी लांब काठी म्हणजे परबाण. कोकणातल्या जुन्या शिडाच्या होड्या आठवा, नाहीतर चित्र शोधा, ती तिरकी रेघ लगेच ओळखू येते. वारा दुसऱ्या बाजूने घ्यायचा झाला की ही एवढी जड काठी शिडासकट डोलकाठीच्या पलीकडे न्यावी लागते. खडूच्या होडीवर दोघांनी काठी धरून हे करून दाखवलं की शिडाच्या होडीवर एवढी माणसं का लागायची ते सांगावं लागत नाही.

वाऱ्याचे आणि पाण्याचे शब्दही याच नियमाने घ्या. 'मतलई' शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी वाचलेला असतो आणि तिथेच सोडून दिलेला असतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा उलट, तो खारा वारा. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या. एवढं सांगणाऱ्याला मी तीनच काय, चार गुण देते.

भेंड्यांचा कंटाळा आला तर 'नाव-गाव-फळ-फूल'चे रकाने बदला: जहाज, जहाजाचा भाग किंवा सामान, माणूस, बंदर, वारा किंवा पाणी. माणसाच्या रकान्यात इतिहासातली आणि आजची नावं चालवा, खेळाला रंग चढतो. न आला तर नौका, नांगर, नाखवा, निवती. म आला तर मचवा, मालवण, मतलई आणि माणूस म्हणून मायनाक भंडारी, 1679 मध्ये खांदेरीसाठी इंग्रजांशी झुंजलेले शिवाजी महाराजांच्या आरमारातले अधिकारी. जहाजासाठी 'म्हादेई'ही चालेल. गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तसं करणारे ते पहिले भारतीय. म्हणजे द आला की माणसाचा रकानाही भरला.

पण माझा सगळ्यात आवडता प्रकार कोड्यांचा. समुद्राचे कितीतरी मराठी शब्द जमिनीवर दुसऱ्याच अर्थाने वावरतात. दोन्ही अर्थ एका वाक्यात घालायचे आणि शब्द ओळखायला लावायचा. ही काही आमच्या घरची:

दर महिन्याला हातात येतो, खाडीत माणसाला घेऊन तरंगते. पगार. लहान होडीचा हा प्रकार, आणि सभासद बखरीत महाराजांच्या आरमारातल्या जहाजांच्या यादीतही हे नाव येतं.

भिंतीवर दिसली की लोक ओरडतात, समुद्रावर दिसली की शत्रूचं गलबत पळतं. पाल. मराठी आरमारातलं हे मोठं, तोफा वाहणारं जहाज.

शेतात जमीन उकरतो, पाण्यात जहाज धरून ठेवतो. हे सोपं आहे, लहानांसाठी ठेवा.

केसांत पाडतात, आणि अष्टमीच्या सुमारास समुद्राला असतो. भांग. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, ती भांगाची भरती. किनाऱ्यावरच्या घरात हे पटकन ओळखतात, पुण्यातल्या भावंडांना वेळ लागतो.

नाळ, तर (पलीकडच्या काठाला नेणारी होडी), वाव यांची कोडी तुम्हीच करा. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, साधारण सहा फूट. दोर आणि पाण्याची खोली याच मापाने मोजत.

पंच कोणाला करावं हेही विचारलंय. घरात कोणी बोटीवर काम केलेलं असेल तर त्यांनाच बसवा. शब्दावरून वाद झालाच तर मोल्सवर्थचा कोश किंवा दात्यांचा शब्दकोश उघडा, दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात आणि दोन्हींत नावाड्यांचे शब्द भरपूर आहेत. मात्र कोशात नाही म्हणून शब्द बाद करू नका. पालघरच्या कोळीवाड्यातला शब्द वेंगुर्ल्यात वेगळा असू शकतो. म्हणणाऱ्याला वस्तू दाखवता आली तर शब्द चालवा.

इंग्रजीसाठी हवी तर एक वेगळी फेरी ठेवा, मिसळ करू नका. परदेशातून येणाऱ्या मुलांना ती आवडेल, आणि तिथेही कामाचा नियम लावा. 'शीट' म्हणजे शिडाचं कापड असं सगळे सांगतात, प्रत्यक्षात ती शीड ताणून धरायची दोरी असते. 'पोर्ट' म्हणजे पुढे तोंड करून उभं राहिल्यावर डावी बाजू, रात्री तिथे लाल दिवा. 'स्टारबोर्ड' उजवी, तिथे हिरवा. खडूच्या होडीवर दोन रंगांचे कागद चिकटवून ठेवा.