पाळणाघरातच बायकोचा निम्मा पगार जातो, मग तिने नोकरी सोडावी का?

तुमचं मूल दीड वर्षाचं आहे, दोघंही पूर्णवेळ नोकरी करता. पाळणाघराची फी, बायकोचं जाणं-येणं आणि तिचा बाहेरचा खर्च धरला तर तिच्या पगारातला निम्म्याहून जास्त भाग तिथेच संपतो, असं तुम्ही लिहिलंय. महिनाअखेरीला हातात काही उरत नाही, म्हणून मूल शाळेत जाईपर्यंत तिने घरी राहावं का, असं विचारताय. आमच्याकडे दोन मुलं आहेत. दोघांच्याही वेळी मी आणि नवरा नोकरीतच होतो, आणि धाकटी आता शाळेत जाते. त्यामुळे ही ओढाताण मला चांगली ठाऊक आहे. माझं स्पष्ट मत सांगते. नोकरी सोडायची की नाही हे नंतर ठरवा, आधी फी तिच्या पगारातून वजा करणं थांबवा. मूल दोघांचं आहे आणि पाळणाघरामुळे दोघंही कामावर जाऊ शकता. तुमचा स्वतःचा प्रवासखर्च तुम्ही तुमच्या पगारातून वजा करून दाखवलेला नाही. तिचा मात्र केलाय.

आकडे मांडून बघा. तुम्हा दोघांचा हातात येणारा पगार मिळून १०० धरू, त्यात तुमचे ५५ आणि तिचे ४५. फी २०, तिचा प्रवास वगैरे ७. तिच्या पगारातून वजा केलं तर ४५ मधले १८ उरतात, आणि ‘एवढ्यासाठी कशाला एवढी धावपळ’ असं वाटणं साहजिक आहे. आता तेच घराच्या बाजूने मांडा. ती नोकरीत असताना हे खर्च जाऊन घराकडे ७३ राहतात, तिने सोडली तर ५५. म्हणजे घर चालवायला जे हातात असतं त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा जाणार. आज ७३ मध्ये महिना निघत नसेल तर ५५ मध्ये कसा निघेल? गणित एकच आहे, पण खर्चाला कोणाचं नाव लावलं यावर निर्णय बदलतो. माणसं पैशाला मनातल्या मनात वेगवेगळी खाती पाडतात आणि त्यानुसार चुकीचे निर्णय घेतात, यावर रिचर्ड थेलर यांनी आयुष्यभर काम केलं. २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘फी म्हणजे आईच्या पगारातला खर्च’ हे असंच एक खातं आहे, आणि ते बहुतेक घरांत कोणी न ठरवताच उघडलेलं असतं.

शिवाय ते १८ म्हणजे फक्त हातात येणारी रक्कम. निवृत्तीसाठी कापले जाणारे पैसे, त्यात कंपनी घालत असलेला हिस्सा, कंपनीकडून मिळणारा आरोग्य विमा आणि दरवर्षीची पगारवाढ यांतलं काहीच त्यात आलेलं नाही. पगार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला तर चार वर्षांत ४५ चे ६१ होतात. चार वर्षांनी परत नोकरी शोधणाऱ्या बाईला ६१ क्वचितच मिळतात, पुष्कळदा जुन्या ४५ साठीही घासाघीस करावी लागते. निवृत्तीच्या पैशांचं तर त्याहून कठीण. ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. ८ टक्क्यांना ९ वर्षं. तिसाव्या वर्षी बाजूला टाकलेला पैसा सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत तीनदा दुप्पट होतो, म्हणजे आठपट. त्यातलं बरंच महागाई खाऊन टाकते हे खरं आहे. तरीही तिशीतली चार रिकामी वर्षं पन्नाशीत भरून काढता येत नाहीत.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी मिळालं त्यातही हेच दिसतं. आज एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली तफावत मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर उभी राहते. हा निर्णय कागदावर चार वर्षांचा दिसतो, पण त्याचे परिणाम वीस-पंचवीस वर्षं चालतात. फी मात्र खरोखरच चार वर्षांची आहे. शाळा सुरू झाल्यावरही दुपारचं सांभाळणं राहतं, पण ते पूर्ण दिवसाच्या फीपेक्षा बरंच कमी असतं.

याचा अर्थ नोकरी कधीच सोडू नये असा नाही. मुलाला जास्त लक्ष लागत असेल, नोकरीतल्या माणसांनी किंवा वेळांनी जीव नकोसा केला असेल, किंवा तिला मनापासून मुलाजवळ थांबायचं असेल, तर ती सगळी पूर्ण वजनाची कारणं आहेत. फक्त ‘परवडत नाही’ हे कारण म्हणून पुढे करू नका. काही देशांत नवरा-बायकोचा कर एकत्र मोजतात आणि दुसऱ्या पगारावर जास्त दराने कर बसतो. तिथे गणित थोडं वेगळं येईल, ते तुमच्या नियमांप्रमाणे तपासून घ्या. आणि जो प्रश्न तिच्या नोकरीबद्दल विचारताय तोच तुमच्या नोकरीबद्दलही विचारा. तुम्हाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळेल का? तुमची वेळ तासभर अलीकडे सरकेल का? आमच्याकडे सगळ्यात मोठी सुटका नवऱ्याने कामाची वेळ अलीकडे घेतल्यावर झाली. तो संध्याकाळी लवकर मुलांना आणायचा, मी सकाळी सोडायचे, आणि पाळणाघराचे जादा तासांचे पैसे बंद झाले.

आता महिनाअखेरीचं बघू. पहिला महिनाभर काहीही कापू नका, फक्त लिहा. दोघांनी एकाच वहीत किंवा एकाच शीटमध्ये. नंतर एका संध्याकाळी गेल्या १२ महिन्यांची बँकेची स्टेटमेंट उघडा आणि महिन्याला न येणारे खर्च वेगळे काढा. विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, पाळणाघराचं वार्षिक शुल्क, प्रवेशाची अनामत, कपडे, दवाखाना, गावी जाणं. बजेट कोलमडतं ते बहुतेक वेळा इथे. दर महिन्याला ‘या महिन्यात जरा वेगळा खर्च आला’ असं आपण म्हणतो, आणि असा वेगळा खर्च बाराही महिने येतच राहतो. त्याची वर्षाची बेरीज करा, १२ ने भागा, आणि पगार झाल्या दिवशी तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात टाका. या एका सवयीने आमच्या घरातले पैशावरचे निम्मे वाद संपले.

पगाराचा ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला आणि २० टक्के बचतीला, हे सूत्र तुम्ही वाचलं असेल. अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापक, पुढे सिनेटर झालेल्या एलिझाबेथ वॉरन यांनी त्यांच्या मुलीसह २००५ च्या सुमारास ते लोकप्रिय केलं. सूत्र चांगलं आहे, पण लहान मूल असलेल्या घराने त्यावरून स्वतःला नापास ठरवू नये. तुमच्या १०० मधले घरभाडं किंवा हप्ता २५, फी २०, किराणा आणि घरखर्च १७, दोघांचा प्रवास आणि बाहेरचं खाणं १२, वार्षिक खर्चांसाठी बाजूला टाकायचे ६ असं धरलं तरी ८० गरजांतच गेले. उरलेल्या २० मधले १० बचतीला, ५ अचानक येणाऱ्या मुलाच्या खर्चाला, आणि ५ दोघांच्या खिशात. हे ५ कमी वाटतील, पण ते काढून टाकू नका. ज्याचा हिशोब कोणालाही द्यावा लागत नाही असे थोडे पैसे प्रत्येकाजवळ हवेतच. बचत या काळात कमी झाली तर होऊ द्या. ती शून्यावर मात्र येऊ देऊ नका, कारण एक पगार थांबला तर पाळणाघरही थांबतं आणि मग नवी नोकरी शोधायलाही वेळ मिळत नाही. निदान एका महिन्याचा गरजेचा खर्च आधी साठवा, मग हळूहळू तीनावर न्या. घरासाठी दोघांनी सारखी रक्कम देण्यापेक्षा पगाराच्या प्रमाणात दिलेली बरी, तुमच्या बाबतीत ५५ ला ४५.

फी कुठे कमी करता येईल, हा पुढचा प्रश्न येणारच. मी म्हणेन, ही फी कापण्याची जागा नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जी मानकं तयार करण्यात भाग घेतलाय त्यांत एक वर्षाखालच्या तीन मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी असं म्हटलंय, आणि एक ते तीन वर्षांच्या चार मुलांमागे एक. म्हणजे एका बाईचा पूर्ण पगार चार घरांत वाटला जाणार, वर जागेचं भाडं, वीज, जेवण, चालवणाऱ्याची मेहनत. म्हणूनच चांगलं पाळणाघर कुठल्याही देशात स्वस्त पडत नाही. कुठे फी फारच कमी असेल तर एकच विचारा, एका ताईंकडे मुलं किती? उत्तर आठ-दहा आलं तर ती बचत तुमच्या मुलाच्या वाट्याचं लक्ष कमी करून होतेय. फीच्या कागदावर इतर गोष्टी मात्र नीट वाचा. उशिरा नेल्यास किती आकारतात, सुट्टीच्या दिवसांची फी लागते का, वर्षाला किती वाढवतात, सोडायचं तर किती आधी सांगावं लागतं.

आजी-आजोबा सांभाळणार असतील तर तो फुकटचा पर्याय समजू नका. दिवसभर धावणाऱ्या मुलामागे त्यांची पाठ आणि गुडघे जातात. त्यांच्या मदतीला घरकामाला बाई लावा, त्यांच्या सुट्टीचे दिवस ठरवून द्या, आणि ती रक्कम बजेटमध्ये त्यांच्या नावाने लिहा. घरी येऊन सांभाळणाऱ्या ताई असतील तर त्यांची भरपगारी सुट्टी आणि वर्षाची वाढही आधीच हिशोबात घ्या.

ज्या खर्चाबद्दल कोणी आधी सांगत नाही तो म्हणजे रजा. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं हे सामान्य समजलं जातं, आणि पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहूनही जास्त. सकाळी साडेअकराला फोन येतो, ‘बाळाला ताप आहे, घेऊन जा.’ औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच परत आणायचं, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. म्हणजे एका तापाला दीड-दोन दिवस गेलेच. त्या वेळी ‘आज कोण जाणार’ हे फोनवर ठरवायला लागलं की जवळजवळ नेहमीच आई जाते. तिच्या रजा संपतात, मग बिनपगारी होतात, वरिष्ठ नाराज होतात, आणि वर्षाच्या शेवटी तिची पगारवाढ कमी येते. म्हणून रजाही पैशासारखीच मोजा. आमच्या फ्रिजवर कॅलेंडर होतं, त्यावर दर महिन्याच्या पानाच्या कोपऱ्यात दोघांच्या उरलेल्या रजा लिहिलेल्या असायच्या. ज्याच्या जास्त त्याने आधी जायचं. मोठं काम असेल तर दुपारपर्यंत एकाने, दुपारनंतर दुसऱ्याने.

काटछाट करायचीच तर थकव्यापोटी होणाऱ्या खर्चाकडे बघा. रात्री साडेआठला स्वयंपाकाचं बळ उरत नाही म्हणून मागवलेलं जेवण, नियोजन नाही म्हणून घाईत घेतलेली महाग वस्तू, ‘दिवसभर वेळ देता येत नाही’ या अपराधीपणातून आणलेलं खेळणं. हे बंद होण्यासाठी निर्धार पुरत नाही, थोडी आधीची तयारी लागते. रविवारी दोन भाज्यांची तयारी करून ठेवणं, किंवा आठवड्यातून काही तास स्वयंपाकाला मदतनीस घेणं, हे मागवण्यापेक्षा स्वस्त पडतं. कपडे, पाळणा, ढकलगाडी नात्यातून, ओळखीतून वापरलेली घ्या, कपडे तर सहा महिन्यांत मापात राहत नाहीत. मोठी बचत मात्र राहण्याच्या जागेत आणि गाडीत असते. पुढच्या भाडेकरारापूर्वी घर, पाळणाघर आणि निदान एकाचं ऑफिस जवळ आणता येतं का ते जरूर पाहा. भाडं थोडं वाढलं तरी जादा तासांची फी आणि प्रवास वाचून ते भरून निघू शकतं, शिवाय रोजचा तासभर मिळतो.

दोघांचाही मुदत विमा (ठरलेल्या वर्षांत माणूस गेला तर घरच्यांना रक्कम देणारा) काढा. फक्त जास्त कमावणाऱ्याचा काढून थांबू नका, आज जो माणूस मुलाला सांभाळतो किंवा ज्याच्या पगारातून घर चालतं, त्याच्याशिवायचा खर्च कोणीतरी भरायचाच आहे.

सध्या तिने नोकरी सोडू नये असं मला वाटतं. आधी हे सगळं सहा महिने करून बघा, तोवर दोघांनीही आपापल्या ऑफिसात वेळा बदलून मागा. बिनपगारी दीर्घ रजा मिळत असेल तर राजीनाम्याआधी ती घ्या, परतायची जागा शिल्लक राहते. आणि ज्या महिन्यात मूल शाळेत जाऊन फी कमी होईल, त्याच महिन्यापासून तो फरक आपोआप बचतीच्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला आत्ताच देण्याचं ठरवून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत ते पैसे घरखर्चात मिसळतात.