गावाच्या नळयोजनेच्या विहिरीशेजारी एक शेतकरी बोअर घेतोय. अडवता येईल का?

येईल, पण मशीन लागायच्या आत हालचाल करा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून, म्हणजे गावाला पाणी देणाऱ्या विहिरीपासून वा बोअरपासून, ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर वा बोअर घ्यायला १९९३ च्या कायद्यानेच मनाई केली होती. आता २००९ चा भूजल कायदा आहे. त्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल बोअरलाही बंदी आहे. ग्रामसभेचा ठराव घ्या, तो तहसीलदारांकडे आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.

शेतकऱ्याशी आधी बसून बोला, वैर नको. आपल्या मराठवाड्यात खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. त्याच्या बोअरला तीच भेग लागली, तर विहिरीचे झरे आटतात आणि दोन-चार वर्षांत त्याचाही बोअर फुफाटा सोडतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आणि विहिरीजवळ उकिरडा किंवा शोषखड्डा असेल तर तोही हलवा. भेगांतून पाणी जातं, तशी घाणही जाते.