गुरुवारी फोन कर

'ताई, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला ठेकेदाराकडून तीन वर्षं क्वालिटीत होतो. ऑर्डर घटल्या म्हणून दोन महिन्यांपूर्वी कमी केलं. कराडकडे गावी सांगितलेलं नाही; आईचा फोन आला की "ड्युटीवर आहे" म्हणतो. मोबाइलवरून १४० अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. एक कन्सल्टन्सीवाला सहा हजारांत जॉइनिंग लेटर देतो म्हणतोय. उसने घेऊन भरू का?'
– एक वाचक, भोसरी

भरू नकोस, एक रुपयाही नाही. पैसे घेऊन जॉइनिंग लेटर विकणारा नोकरी देत नसतो. चुकून आधीच ऑनलाइन दिले असशील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार कर.

आता आईचं. तू ते एका ओळीत उरकलंस, पण माझ्या मते गाडी तिथेच अडली आहे. एमआयडीसीत जागा निघाली की अर्जांच्या ढिगात हात घालण्याआधी सुपरवायझर लाइनवरच्या पोरांना विचारतो, 'ड्रॉइंग वाचणारा, मायक्रोमीटर नीट धरणारा कुणी आहे का रे?' तिथे तुझ्या गावची, तुझ्या वर्गातली पोरं असणार. पण तू मजेत कामावर आहेस असं त्यांना वाटतंय, मग तुझं नाव घेणार कोण? गावी कळू नये म्हणून तू त्यांच्यापासूनही लपवलंस ना?

म्हणून आधी घरी सांग. मग एक वही घे आणि ओळखीची वीस नावं लिही. त्यांना गुरुवारी फोन कर. भोसरी-पिंपरीकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, माणूस निवांत सापडतो. (आमच्याकडे हे वर्षानुवर्षं रविवारी डबा घेऊन जायचे. सुट्टी मिळायची ती नेमकी दत्ताच्या वारी, म्हणून मटण नाही, ही त्यांची कायमची तक्रार!) 'नोकरी बघ ना' असं मोघम बोलू नकोस. 'तुमच्याकडे क्वालिटीत कुणी सोडून चाललंय का, आणि भेटायचं कुणाला?' असं विचार. मिळालेलं नाव, तारीख, पुढचा फोन कधी, सगळं वहीत.

बायोडेटातलं 'मेहनती, प्रामाणिक' खोडून टाक. कुठले पार्ट तपासायचास, इनकमिंग की फायनल, कुठली मापनसाधनं वापरलीस, पीपीएपीची (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची) कागदं केलीस का, ते लिही. १४० ठिकाणी एकच कागद गेला असेल तर तो कुणी का वाचावा? ठेकेदार अनुभवपत्र देत नसेल तर पीएफ कापला जायचा का बघ. यूएएनच्या (तुझ्या पीएफ क्रमांकाच्या) पासबुकात महिन्यांची नोंद असते, ती छापून जवळ ठेव.

सकाळी भोसरीतल्या लहान वर्कशॉपमध्ये स्वतः जा. शिफ्ट बदलताना नको, तेव्हा कुणाला बोलायला वेळ नसतो. पगार चाकणपेक्षा कमी सांगतील. दोन महिने भाडं थकलं असेल तर घे ते काम, शोध चालू ठेव. महास्वयंम या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदव, रोजगार मेळाव्याला जाऊन ये. तिथे पैसे लागत नाहीत.

आईला फोन करशील तेव्हा 'नोकरी नुकतीच गेली' असं म्हणू नकोस, दोन महिने झाले म्हणून सांग. ती आधी जेवणाचं विचारेल. मेसचे पैसे थकले असतील तर तेही सांगून टाक.