मुंज करूनच मेलबर्नला या

ताई, मुलाला आठवं लागलंय, जुलैत मेलबर्नला यायचंय, तर मुंज पुण्यातच उरकावी की इथे बस्तान बसल्यावर निवांत करावी, असं तुम्ही विचारलंय. करूनच या. आम्ही 'निवांत'च्या नादाला लागलो आणि मुलाला दहावं लागलं.

इथल्या शाळेच्या सुट्ट्या आणि आपले मुहूर्त यांचं जमत नाही. मोठी सुट्टी नाताळ ते जानेवारीअखेर. म्हणजे बराचसा पौष, आणि माघ लागतो न लागतो तोच शाळा उघडते. जून-जुलैच्या सुट्टीपर्यंत चातुर्मास दाराशी आलेला असतो. उरते एप्रिलची, जेमतेम दोन आठवड्यांची. त्यात गुरू किंवा शुक्राचा अस्त आला की संपलंच.

गुरुजी मिळाले हो, अडलं होमाशी. हॉलवाल्यांना उघडी आग चालेना, शेवटी मागच्या अंगणात केलं. आणि पळसाचा दंड, दर्भ, समिधा, गोवऱ्या हे सामान बॅगेत भरून आणायचा विचारही नको. लाकूड-गवताबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक आहेत; विमानातल्या फॉर्मवर जाहीर करावंच लागतं. लपवलंत तर पळसाच्या दंडापायी दुसराच दंड भराल.

पण खरी चुटपुट मातृभोजनाची, म्हणजे मुंजीआधी आईच्या ताटात शेवटचं जेवायच्या विधीची. त्या वेळच्या पंगतीला, अष्टवर्गाला, मुंज झालेले आठ मुलगे हवेत, आमचे पाचच जमले. त्यातला एक कॉलेजातला, चांगला मिशीवाला! माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला लेक त्याच्याकडेच बघत जेवला. मुहूर्त सकाळी दहाचा, म्हणजे भारतात पहाटेचे साडेपाच. सासूबाई नऊवारी नेसून फोनसमोर बसल्या होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली तशा त्यांनी अक्षता टाकल्या, फोनवरच. नंतर दीर सांगत होते, चार्जिंगच्या भोकातून तांदूळ काढताना नाकी नऊ आले.

बाकी किरकोळ. पासपोर्ट-व्हिसाचे फोटो मुंजीआधी काढून घ्या. इथे जुलैत कडाक्याचा हिवाळा, तेव्हा केस पुरते आले नसतील तर कानटोपी हाताशी ठेवा. वर्गात शेंडीबद्दल विचारतील. बाईंना आधी दोन ओळी लिहून कळवलं की त्या सांभाळून घेतात.

वैशाखातला मुहूर्त आजच काढा. मे महिन्यात कार्यालय मिळालं नाही तर गच्चीवर मांडव घाला. तिथे आठ मुलगे तर सोसायटीतच मिळतील.