घर भाड्यानं दिलं, आता ओल कुणाची?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आईवडील गेल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर बंदच होतं. आम्ही नोकरीमुळे दुसऱ्या गावी असतो, म्हणून आठ महिन्यांपूर्वी ते एका तरुण जोडप्याला भाड्यानं दिलं. त्यांना वर्षाचं मूल आहे. माणसं वाईट नाहीत, पण मी पार थकून गेले आहे. भाडं १ तारखेला द्यायचं ठरलंय, येतं ८ ला, कधी ९ ला. बल्ब गेला तरी फोन, नळ गळतोय म्हणून फोन. आता आतल्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आलीय. ते म्हणतात घराचा दोष, मी म्हणते तुम्ही खोलीत कपडे वाळत घालता. गेल्या महिन्यात गेले तेव्हा ते घरी नव्हते. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून आत गेले, तर आईच्या खोलीच्या भिंतीत आठ-नऊ खिळे! तिथूनच फोन केला आणि भांडण झालं. त्या दिवसापासून ती मुलगी माझ्याशी धड बोलत नाही. घर विकून टाकावं का?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘आईच्या खोली’पाशी मी थबकले. त्या खोलीत आता कुणाचं तरी बाळ झोपतं. हे तुम्हाला जड जातंय, आणि जाणारच. माझ्या आजोबांचं घर मी पहिल्यांदा भाड्यानं दिलं, तेव्हा त्यांच्या खिडकीला दुसऱ्यांचे पडदे बघून मला रस्त्यावरच रडू आलं होतं. म्हणून सांगते, विकायचा विचार निदान वर्षभर बाजूला ठेवा. तुमच्या तक्रारी घराबद्दलच्या कमी आणि त्या खोलीबद्दलच्या जास्त आहेत असं मला वाटतं.

आधी किल्लीचं बोलू, कारण तिथे चूक तुमची आहे. घर तुमच्या नावावर असलं तरी करार चालू आहे तोवर राहण्याचा हक्क त्यांचा. आग लागली, पाण्याचा नळ फुटला, असं काही असेल तरच न विचारता आत जायचं. एरवी आधी कळवायचं, कशासाठी येतोय ते सांगायचं आणि त्यांना सोयीची वेळ घ्यायची. बऱ्याच देशांच्या भाडेकायद्यांत निदान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. तुमच्याकडचा नियम बघून घ्या, पण नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. लहान बाळाची आई आहे ती. आपण नसताना कुणीतरी घरात फिरून गेलं, हे तिला कसं वाटलं असेल? फोन करून माफी मागा. खिळ्यांचा विषय त्या फोनमध्ये काढू नका.

आता ओल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण याच ओलीनं माझ्या हातून एकदा अन्याय करवला.

माझ्या पहिल्या भाडेकरू एक निवृत्त शिक्षिका होत्या. तीन वर्षं राहिल्या, घर आरशासारखं ठेवलं. त्या सोडून जाताना कपाट सरकवलं, तर मागची भिंत ओलीगच्च, गिलावा हाताला लागताच भुगा होऊन पडत होता. खिडक्या बंद ठेवल्यामुळे झालं असं मी ठरवून टाकलं आणि दुरुस्तीचे पैसे अनामत रकमेतून कापले. बाईंनी वाद घातला नाही. उरलेले पैसे मोजले, लाल दोऱ्यात ओवलेल्या तीन किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेल्या. मी भिंत नवी करून घेतली. दोन महिन्यांत त्याच जागी पुन्हा ओल. तेव्हा एका जुन्या प्लंबरनं मला मीटर बघायला शिकवलं. रात्री घरातले सगळे नळ बंद करायचे, पाण्याच्या मीटरचा आकडा वहीत लिहायचा, सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत पुन्हा वाचायचा. रात्रभरात आकडा पुढे सरकला होता. बॅटरी मारून मीटरजवळ वाकले, तर काचेखालची छोटी लाल चक्री हळूहळू फिरत होती. नळ सगळे बंद होते, तरी ती फिरत होती. भिंतीच्या आतल्या पाइपचा एक सांधा झिरपत होता, कोण जाणे किती वर्षं. मी कापलेले पैसे पत्रासकट बाईंना परत पाठवले. पैसे त्यांनी घेतले, पत्राला उत्तर आलं नाही.

म्हणून तुमच्या कोपऱ्यातल्या ओलीला आधी ओळखा, मग बोला. भिंतीवर पिवळट-तपकिरी कडेचा डाग पडून तो पसरत असेल, तर बहुधा वरून किंवा आतून पाणी झिरपतंय. जमिनीलगत गुडघाभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे निघून पांढरा लोणा फुलला असेल, तर ओल खालून वर चढतेय. आणि बाहेरच्या भिंतीचा थंड कोपरा किंवा कपाटामागची कोंडलेली जागा असेल आणि तिथे काळे ठिपके आले असतील, तर ती बहुतेक वेळा हवेतली वाफ थंड भिंतीवर धरल्यामुळे आलेली असते.

शंका राहिली तर ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीच्या त्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा. आधी ती जागा पुसून कोरडी करून घ्या. दोन दिवसांनी काढा. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ओल हवेतली, भिंतीकडच्या बाजूला असेल तर भिंतीतली. पाण्याच्या मीटरवर सांडपाण्याच्या पाइपची किंवा बाथरूमच्या जमिनीतून झिरपणारी गळती मात्र दिसत नाही. जमीन झिरपते का ते बघायला बाथरूमची जाळी घट्ट बंद करून जमिनीवर बोटभर पाणी साठवायचं, पेन्सिलनं रेघ मारायची आणि काही तासांनी पातळी बघायची.

तुमच्या वर्णनावरून मला ती हवेतली ओल वाटते, म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल तुमचं अगदीच चुकीचं नाही. पण पुढचा प्रश्न विचारा : बाळाचे रोजचे एवढे कपडे त्यांनी वाळवायचे कुठे? बाहेर दोरीला जागा आहे का? बाथरूमला हवा बाहेर टाकणारा पंखा आहे का? खिडकी नीट उघडते का? ही सोय करून देणं तुमच्याकडे. कपडे वाळत असताना खिडकी उघडी ठेवणं, पंखा लावणं, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं त्यांच्याकडे. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला फारसा वाव मिळत नाही. ती मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घेऊन द्या. यंत्रावरचा आकडा दोघींनी बघितला की ‘तुमच्यामुळे, तुमच्यामुळे’ हे बोलणं आपोआप कमी होतं. आणि बुरशीवर नुसता रंग मारू नका. आधी ती पुसून काढा, भिंत पूर्ण वाळू द्या. त्या खोलीत बाळ आहे, हे काम याच आठवड्यात करा.

भाड्याचं सोपं आहे. दर महिन्याला नेमके सात-आठ दिवस उशीर होतोय म्हणजे बहुतेक पगार ७ तारखेला होतो. विचारून बघा आणि भाड्याची तारीखच १० करा, लेखी. त्यानंतर उशीर झाला तर दुसऱ्याच दिवशी दोन ओळींचा शांत संदेश पाठवा. महिनाभर मनात ठेवून मग भडकण्यापेक्षा ते बरं. एक हिशेबही मांडते. वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं तर वर्षाच्या भाड्यातले आठ टक्क्यांहून जास्त गेले. आठवडाभर उशिरा का होईना, पण दर महिन्याला पूर्ण भाडं देणारं कुटुंब त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

फोन येतात याचा मला उलट आनंद वाटतो. न कळवणारा भाडेकरू घराला महाग पडतो. तुमचा तो गळका नळ घ्या : सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण २० लिटर पाणी, आणि बहुतेक वेळा वायसर बदलला की काम होतं. बल्ब त्यांचा, एवढं एकदा लिहून ठेवा. नळ, वायरिंग, दाराचं कुलूप, छत तुमचं. जवळच्या एका प्लंबरचा आणि एका इलेक्ट्रिशियनचा नंबर त्यांना देऊन ठेवा आणि अमुक रकमेपर्यंतचं काम न विचारता करून घ्या, भाड्यातून वळतं करू, असं ठरवा. तुम्ही दुसऱ्या गावी असता, त्यामुळे हे केल्याशिवाय तुम्हाला शांतता नाही.

फक्त एका बाबतीत फोनची वाट बघू नका. घरात गॅसवर चालणारा गीझर असेल तर तो दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बाथरूमचा हवा जाण्याचा मार्ग मोकळा आहे ना ते बघा. ज्योत निळीऐवजी पिवळी झाली किंवा गीझरवर काजळी धरली तर तो लगेच बंद. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आतल्या माणसाला कळायच्या आत ग्लानी येते.

खिळ्यांचं शेवटी, कारण ते सगळ्यात किरकोळ आहे. पहिल्या दिवशी तुम्ही दोघींनी घर एकत्र बघून यादी केली होती का? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे नसावी. ती आता करा. वेळ ठरवून जा, प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी फोटो काढा, सिंकखालचे आणि कपाटांच्या आतलेसुद्धा. मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, पंखे-दिवे चालतात की नाही, आणि हो, खिळेही लिहा. दोघींच्या सह्या, एकेक प्रत दोघींकडे. नवा खिळा ठोकण्याआधी विचारायचं आणि सोडताना भोकं बुजवून द्यायची, एवढी एक ओळ त्यात घाला. आईच्या काही वस्तू अजून त्या घरात असतील तर त्याच फेरीत घेऊन या. माझ्या आजोबांची काठी मी अशीच उशिरा आणली.

प्रश्न : माझे भाडेकरू चार वर्षांनी घर सोडत आहेत. भिंतींचा रंग उडालाय, एका भिंतीवर मुलानं रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढली आहेत. पूर्ण रंगाचा खर्च अनामतीतून कापू का?

उत्तर : पूर्ण नाही. चार वर्षांत रंग फिका पडणं, उंबरा झिजणं ही राहण्याची झीज आहे. तिची किंमत भाड्यात आलेली असते. चित्रांच्या भिंतीचं नुकसान वेगळं धरता येईल, पण तिथेही रंगाचं वय बघा. साधारण पाच वर्षं टिकणारा रंग तुम्ही त्यांच्या येण्याआधी लावला असेल, तर त्याचं एकच वर्ष शिल्लक आहे. म्हणून त्या एका भिंतीच्या खर्चाचा पाचवा हिस्सा, तेवढाच मागा. हिशेब कागदावर मांडून द्या, पावती जोडा आणि उरलेली रक्कम लवकर परत करा. उशीर झाला की खऱ्या हिशेबावरही माणसाचा विश्वास बसत नाही.

प्रश्न : मावसभाऊ घर मागतोय. घरातलाच आहे, करार कशाला म्हणतो. देऊ का?

उत्तर : द्या, पण करार करून. भाडं कमी घ्यायचं असेल तर तेही करारात लिहा, आणि किती काळासाठी कमी तेही. तो सही करायला तयार नसेल तर त्याला दुसरं घर शोधून द्यायला मदत करा.