हात दाखवायचे होते

“माझ्या फोटोला कुणी नावं ठेवली की ते शब्द डोक्यातून जातच नाहीत. इतकं का लागतं मला?” हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकते. कधी तो कवितेबद्दल असतो, कधी गाण्याबद्दल. माणसांचे फोटो काढणाऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यात आणखी एक पदर असतो. तिथं फोटो काढणारा असतो, बघणारा असतो आणि जिचा चेहरा आहे ती व्यक्तीही असते. त्यामुळे बोललं जातं उजेडाबद्दल आणि लागतं मात्र नात्याला.

शाळेत शिकवणारी २९ वर्षांची एक तरुणी माझ्याकडे आली होती, झोप लागत नाही म्हणून. (तिला विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) कॅमेऱ्याचा विषय निघाला तो थेट तिसऱ्या भेटीत. घरच्या घरी पोर्ट्रेटचे प्रयोग करायचा तिला नाद होता. स्वयंपाकघराच्या खिडकीचा दुपारचा उजेड, मागे काळी चादर, सावलीच्या बाजूला थोडा उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा. अशा बेतानं तिनं तांदूळ निवडणाऱ्या आपल्या आत्याचा फोटो काढला. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. गावातल्या हौशी छायाचित्रकारांच्या बैठकीत तिनं तो सगळ्यांपुढे ठेवला आणि म्हणाली, “बघा, कसा वाटतो?” एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “बाईंना अंधारकोठडीत टाकलंय का?” सगळे हसले. त्या दिवशी कॅमेरा कपाटात गेला. मला ती हे सांगत होती तेव्हा चार महिने झाले होते.

मी तिला फोटो घेऊन यायला सांगितलं. फोटोतलं मला फारसं कळत नाही, म्हणून मी एवढंच विचारलं, “हा काढताना तुम्ही काय करून बघत होता?”

त्यावर ती पंधरा मिनिटं बोलली. कमीत कमी किती उजेडात माणूस ओळखू येतो, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी सलग पाच दुपारी ती थर्माकोल हळूहळू मागे सरकवत गेली होती. आत्या ऐन तारुण्यात विधवा झाली, भावाच्या घरी आली, आणि त्या खिडकीशी बसून तिनं अख्ख्या घराचं धान्य निवडलं. घरानं तिच्याकडे नीट कधी पाहिलंच नव्हतं. तो काळोख तिथून आला होता. यातला एकही शब्द बैठकीत कुणाला माहीत नव्हता. प्रयोग कशाचा हे ठाऊक नसेल, तर बघणारा आपल्या सवयीच्या मापानंच मोजणार. आणि “कसा वाटतो?” या प्रश्नात तर काहीही बोलायची मुभा असते.

मग आठवतील तेवढे अभिप्राय तिला कागदावर लिहायला लावले. सात आठवले. त्यापुढे “फोटोबद्दल” की “माझ्याबद्दल” अशी खूण करायला सांगितली. सहा फोटोबद्दल होते. “काळोखातल्या डोळ्यात कॅचलाइट, म्हणजे उजेडाचा चमकता ठिपका नाही, म्हणून नजर मेल्यासारखी वाटते,” हे तर तिला स्वतःलाही पटत होतं. पण चार महिने घोळत राहिलं होतं ते सातवं वाक्य. ती थट्टा होती आणि ती चुकीचीच होती, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ‘मनाला लावून घेऊ नका’ असं मी अशा वेळी म्हणत नाही. क्लूगर आणि डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलेलं दिसलं. लक्ष कामावरून उडून ‘मी कशी आहे’ याकडे गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. तिचं नेमकं हेच झालं होतं.

“मग लोकांचं ऐकायचंच नाही का?” तिनं विचारलं. मी तिला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या जुन्या काळच्या छायाचित्रकार बाईंबद्दल सांगितलं. १८१५ मध्ये कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंच्या हाती कॅमेरा आला तोच वयाच्या ४८ व्या वर्षी. फोटो धूसर आहेत, तंत्र कच्चं आहे, अशी टीका त्यांच्यावर सतत झाली. धूसरपणा होताच, टीकाकार खोटं बोलत नव्हते. पण बाईंचा शोध वेगळ्या गोष्टीचा होता. खरा प्रश्न ऐकायचं की नाही हा नसतोच. आपण काय शोधतोय हे आधी सांगायचं आणि मग त्याबद्दल ऐकायचं.

मला खटकत होती ती दुसरीच गोष्ट. “आत्यांनी फोटो बघितला का?”

नव्हता बघितला. आपला चेहरा अनोळखी माणसांत फिरून आला, त्यावर हसणं झालं, हे आत्याला माहीतच नव्हतं. ही आठवण तिला त्या टोमण्याहून जड गेली, आणि जायलाच हवी होती असं मला वाटतं. ज्याचा चेहरा, त्याला आधी विचारायला हवं. मी तिला एक सावधगिरीही सांगितली. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात उलट बघतो. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःची आरशातली छबी जास्त आवडली आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ छबी. तेव्हा आत्या “तोंड वाकडं आलंय” म्हणाली तर ते मनावर घेऊ नका.

आत्या तसंच म्हणाली. भाचीनं माफी मागितली, त्यावर आत्यानं हात झटकला. मग फोटो लांब धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “तांदूळ निवडताना माझं सगळं लक्ष हातात असतंय बघ. तू तोंडच काढत बसलीस. हात दाखवायचे होते.”

पुढच्या भेटीत तिनं शाळेतला प्रसंग सांगितला. आठवीतल्या एका मुलानं मित्राचा मोबाईलवर काढलेला फोटो आणला होता आणि वर्ग “नाक बघा, नाक!” म्हणून ओरडत होता. तिच्याही तोंडावर तेच आलं होतं. तिनं ते गिळलं आणि विचारलं, “काय करून बघत होतास?” त्याला मित्राच्या डोळ्यातलं खिडकीचं प्रतिबिंब टिपायचं होतं, म्हणून तो अगदी जवळ गेला होता. मग तिनं त्याला सांगितलं, की मोबाईल तोंडाशी धरला की नाक इतर चेहऱ्यापेक्षा लेन्सच्या फारच जवळ येतं, म्हणून मोठं दिसतं. दोन पावलं मागं हो आणि झूम कर. दोघं लगेच व्हरांड्यात पळाले.

शेवटच्या भेटीत तिनं माझ्यापुढे दोन प्रिंट ठेवल्या. एकीत आत्याचे हात, सूप आणि पांढरे दाणे. चेहरा जवळजवळ नाहीच. दुसरीत चेहरा आणि हात दोन्ही होते, पण हात हलले होते. “बैठकीत ही हललेली नेणार आहे,” ती म्हणाली. “हात हलू नयेत म्हणून शटरचा वेग किती ठेवायला हवा होता, एवढंच विचारणार. आत्या हो म्हणाली आहे.”